मुकादमाच्या कुशीवरचे पांढरे ठिपके

कुत्रं तुम्ही भाजलंत, साहेब, आणि खापर फोडलंत एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर. तेही वीज कार्यालयातल्या पंख्याखाली बसून, खुर्चीतून न हलता. पहिल्या गोष्टीबद्दल सोफेवाली एक वेळ गप्प बसली असती. दुसरीबद्दल नाही बसणार.

सोफेवाली म्हणजे गल्लीच्या तोंडाशी जिचं दुकान आहे, ती. लोकांचे फाटके सोफे, दबलेल्या खुर्च्या, उसवलेल्या गाद्या नव्या करून देते. दुकानामागच्या खोल्यांत ती, तिचे वडील आणि मुकादम. मुकादम हा कुत्रा. तपकिरी, दाट केसांचा, वयानं वडिलांच्याच जोडीचा. हे नाव वडिलांनीच दिलेलं, कारण रस्ता कुठेही खणायला घेतला की हा खड्ड्याच्या काठावर जाऊन बसायचा आणि काम संपेपर्यंत उठायचा नाही. "तुमच्या अख्ख्या खात्यात एवढी देखरेख करणारा दुसरा कोणी असेल तर दाखवा," असं वडील खणणाऱ्यांना म्हणायचे. खणणारेही हसून माना डोलवायचे.

दुकानासमोर तुमच्या खात्याचं लोखंडी झाकण आहे. खाली केबली जोडल्यात. थंडीत ते झाकण कोमट असायचं, म्हणून गल्लीत त्याला 'शेगडी' म्हणतात. लोखंडाला भर थंडीत ऊब कुठून येते, असं सोफेवालीनं तुमच्या माणसाला विचारलंही होतं.

"उन्हानं तापत असेल, ताई."

"ऊन यायच्या आधीच तापतं?"

"मग तुम्हाला भास होत असेल."

अशाच एका थंड सकाळी मुकादम शेगडीवर आडवा झाला. थकलेलं शरीर, गाढ झोप. उठला तो अंग चोरत, एका बाजूला कलत घरात आला. वरून काहीच दिसत नव्हतं. थंडीनं आखडला असेल म्हणून वडिलांनी त्याला कोमट पाण्यानं आंघोळ घातली, टॉवेलात गुंडाळला आणि त्याच्याशी गप्पा मारत बसले.

काही दिवसांनी त्याच्या उजव्या कुशीवरचे केस चिकटून राठ झाले. गुंता असेल असं समजून वडिलांनी कंगवा घातला. कंगव्याबरोबर केसांसकट कातडी सोलून आली.

वडील ओरडले नाहीत. कंगवा हातात धरून बसून राहिले. मुकादमही ओरडला नाही. थरथरत त्यांचाच हात चाटत राहिला. तेच त्यांना सोसलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जखमेभोवतीचे केस कापले आणि मेलेली कातडी अलगद काढली. "हे भाजलंय," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश भाजलंय. चटका बसला की जनावर उडी मारतं. पण मंद आचेवर झोप लागली तर त्याला कळतही नाही. कातडी आतल्या आत मरते, वर दिसायला वेळ लागतो." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आंघोळीचं पाणी किती गरम होतं, काका?"

"कोमट."

"मग पाण्यानं नाही झालं हे."

वडिलांच्या कानात उत्तर राहिलं नाही, प्रश्न राहिला.

सोफेवालीच्या डोक्यात मात्र शेगडी पेटली: खालचा केबलीचा जोडच तापत असणार. ती तुमच्याकडे आली, आंघोळीसकट सगळं सांगितलं. तुम्ही काय विचारलंत, आठवतं? कुत्र्याला आंघोळ कोणी घातली? कधी? वय काय त्यांचं? आणि मग हसून म्हणालात, "या वयात हाताला गरम-गार कळत नाही, बाई. घरातलं घरात निस्तरा."

तिच्या मागे वडील उभे होते. तुम्ही मान वर करून पाहिलं असतंत तर दिसले असते.

त्या दिवसापासून त्यांनी मुकादमाला हात लावणं सोडलं. स्वतःच्या आंघोळीच्या बादलीत बोटं बुडवून विचारायचे, "हे कोमटच ना गं?" चहाचा कप पुढे करताना विचारायचे, "फार गरम नाही ना?" मुकादम सवयीनं त्यांच्या पायाशी येऊन पसरला की पाय वर ओढून घ्यायचे. कुत्रं बिचारं तोंडाकडे बघत राहायचं. आपलं काय चुकलं, हे त्यालाही कळेना.

जखमेचं सगळं सोफेवालीनं अंगावर घेतलं. मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही, डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम पातळ लावायचं. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घातला, तर तो दाराच्या चौकटीला धडकायचं आणि मुकादम जागीच रुसून बसायचा. मग तिनं स्पंज भरून गळ्याभोवती जाड गोल गादी शिवली. त्या यशानं ती जरा शेफारलीच आणि जखम झाकायला रेक्झिनचं जाकीट शिवलं. दिसायला झकास. आत हवा जाईना. जखम ओली राहून चिघळली, पू धरला.

"सोफा आहे का तो?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "कातडीला श्वास हवा. काढा आधी ते!"

वडिलांच्या जुन्या बनियनचं सैल झबलं आलं, पुन्हा औषधं आली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या दिवशी ती मशीनवर डोकं टेकून रडली. बापाला कोणी नुसतं म्हटलं तर तो एवढा मोडून पडला, आणि आपण तर खरंच चूक करून बसलो, हे तिच्या मनातून जाईना.

पण जखम भरू लागली. कडेनं गुलाबी, चकचकीत, कागदासारखी पातळ कातडी आत सरकू लागली. मग खाज सुटली. खाज म्हणजे बरं होतंय, पण खाजवलं की सगळं मुसळ केरात, म्हणून ती त्याला मांडीवर घेऊन आजूबाजूचं अंग थोपटत बसायची. वडील दारातून बघायचे आणि निघून जायचे.

केस आले. आधी तपकिरी लव, मग मधूनमधून पांढरे पुंजके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिथे जास्त खोल भाजलं तिथे केसांचा रंगच गेला, तो परत येणार नाही. सोफेवाली ऐकत होती, पण तिचे डोळे पुंजक्यांवर खिळले होते. ते वेडेवाकडे नव्हते. ओळीत होते. आयुष्य नक्षीचं कापड जुळवण्यात गेलेल्या बाईला ओळ दिसते.

तिनं आरपार दिसेल असा पातळ कागद घेतला. खुर्चीचं माप घ्यावं तसा तो मुकादमाच्या कुशीवर धरला आणि प्रत्येक पांढऱ्या पुंजक्यावर खडूनं खूण केली. मुकादम साहेबी तोऱ्यात उभा राहिला. कागद घेऊन ती बाहेर गेली आणि तिनं तो उलटा करून शेगडीवर पसरला. झाकणावर उंचवट्याच्या गोल टिकल्यांच्या ओळी आहेत. कातडी आक्रसल्यानं अंतर थोडं इकडेतिकडे झालं होतं, पण ओळी त्याच. आणि झाकणावरची एक टिकली झिजून सपाट झालीय ना? कागदावर नेमकी तिथेच खूण नव्हती.

"बाबा! बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

वडील आले. गुडघ्याला हात देत खाली बसले. कागदावरची एक खूण, झाकणावरची एक टिकली, अशी बोटानं तपासत गेले. कागद बाजूला करून त्यांनी लोखंडावर पंजा टेकला आणि तसाच ठेवला.

"हे कोमट नाही गं," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "गरम आहे हे. मला कळतंय."

त्या संध्याकाळी त्यांनी मुकादमाच्या पांढऱ्या ठिपक्यांवर हात ठेवला. पण उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं, आणि ठेवण्याआधी लेकीला विचारून. जन्मभर ज्यानं कार्यालयातल्या माणसाचं बोलणं खरं मानलं, त्याला एका कागदानं पुरतं सोडवता येत नाही.

म्हणून सोफेवाली कागद आणि कुत्रा घेऊन पुन्हा तुमच्या दारात आली. तुम्ही मुकादमाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "जखम कुठाय? केस आलेत की. बरा झाला, मग तक्रार कशाची?"

म्हणजे तिनं त्याला सडू द्यायला हवं होतं, तेव्हा तुम्हाला दिसलं असतं?

तिला भरपाई नको. मुकादम आता त्या झाकणाला वळसा घालून जातो. पण शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं थंडीत तिथेच दप्तरं टाकून बसतात. झाकण अजून गरम आहे. या आणि हात टेकवा. तुमच्या हाताला गरम-गार कळतं ना?

मग समोरच्या दुकानात या. वडील तिथेच बसलेले असतात, मुकादम त्यांच्या पायाशी. त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा, साहेब: हे कुत्रं कोणी भाजलं?