मिटल्या पापण्यांचा साचा

मी साचा बोलतोय. प्लास्टरचा, दोन फाकांचा, रबरी पट्ट्याने आवळून बांधलेला. माझ्या पोटात बुद्धांचा चेहरा आहे, पण उलटा. नाकाच्या जागी खड्डा, ओठांच्या जागी खाच. तुम्हाला तो चेहरा बाहेरून दिसतो, मला आतून ठाऊक आहे. तेव्हा माझ्यापुढे शांतीच्या गप्पा मारू नका.

मातीची पातळ रबडी माझ्यात ओततात. मी तिच्यातलं पाणी शोषतो, आणि कडेकडेने मातीची साय धरते. वीस मिनिटांनी उरलेली रबडी ओतून टाकायची, जरा सुकलं की मला उघडायचं. आत तयार पोकळ डोकं! मग ते भट्टीत जातं. फक्त डोकं, धड नाही. घरातल्या फळीवर मावत नाही म्हणे. ज्यांनी पंचेचाळीस वर्षं गावोगाव पायी फिरून लोकांना शिकवलं, त्यांचे पायच लोकांना नकोत.

मला घडवणारा मूर्तिकार हाताचा गुणी होता, पण पाय घरात टिकत नव्हता. त्याची बायको माती मळायची, चाळायची, भट्टी सांभाळायची. मुलगी झाली. ती महिन्याची असताना एका सकाळी तो "माती बघून येतो" म्हणून निघाला, तो गेलाच. कामाच्या पाटावर चिठ्ठी सापडली. 'सत्य शोधायला जात आहे.'

बाईने ती दोनदा वाचली.

"याला कधी स्वतःचा टॉवेल सापडला नाही," ती म्हणाली, "सत्य काय सापडणार!"

मग तिने पदर खोचला आणि माझ्यात रबडी ओतली. बारा वर्षं ओतत राहिली.

बुद्धांची गोष्ट मला कळली ती पोरीमुळे. शाळेतून आली की ती भट्टीजवळ बसून एकच फाटकं पुस्तक मोठ्याने वाचायची, आणि आई डोक्यांवर उमटलेल्या माझ्या फाकांच्या शिवणी घासता घासता ऐकायची. राजवाड्यातल्या राजपुत्राने म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिलं, संन्यासी पाहिला. झोपलेल्या बायकोला आणि तान्ह्या मुलाला सोडून तो निघाला. सहा वर्षं उपाशी राहून हाडांचा सापळा झाला.

"आणि उठला कशाने?" आई विचारायची.

"एका बाईने दूधभात दिला."

"हां. ते नीट वाच."

मग झाडाखाली ज्ञान झालं, पाच जुन्या सोबत्यांना पहिला उपदेश झाला, संघ उभा राहिला. पुढे शेकडो वर्षं त्यांचा चेहरा कुणी घडवला नाही, असंही पुस्तकात होतं. रिकामं आसन, पावलं, चाक, झाड, एवढंच कोरायचे. मला ते ऐकून लाज वाटली. मी म्हणजे त्या मोकळ्या जागेत नंतर घुसलेला.

पोरीचं आवडतं पान मात्र पुढचं होतं. बुद्ध आपल्या गावी परत येतात. बायको मुलाला सांगते, जा, ते तुझे वडील, त्यांच्याकडे तुझा वारसा माग. मुलगा मागतो, आणि बुद्ध त्याला संघात घेतात. पोर हे पान वाचताना दरवाजाकडे बघायची. आई ते पाहायची आणि शिवण जास्तच जोरात घासायची.

तेराव्या वर्षी मूर्तिकार खरंच परत आला. भगवी वस्त्रं, मुंडण, मागे एक शिष्य. गल्लीच्या टोकाच्या सभागृहात त्याची प्रवचनं सुरू झाली. लोक त्याला गुरुजी म्हणत.

आणि नेमकी तेव्हाच आमची गल्ली पाडायला काढली होती. जुन्या कागदावर ज्याचं नाव, त्याने सही केली तर नवा गाळा मिळणार. आमच्या कामाच्या शेडच्या कागदावर नाव त्याचं. बाई स्वतः गेली असती, पण स्वाभिमान आडवा आला. तिने कागद पोरीच्या हातात दिला.

"जा. ते तुझे बाबा. त्यांना सांग, माझ्या वाट्याची सही द्या."

शंभर वेळा ऐकलेली गोष्ट, आणि तिच्याच तोंडून तेच वाक्य गेलं! माझ्यात रबडी भरलेली होती, नाहीतर मी ओरडलो असतो.

पोर परत आली ती बापाचा हात धरून. डोकं तासलेलं, अंगावर भगवं. सहीच्या जागी कागद कोरा.

बाईच्या हातातली बादली खाली आली.

"ताई," तो शांतपणे म्हणाला, "हिने वारसा मागितला. माझ्याजवळ जो होता, तो मी दिला."

"ताई?" बाई म्हणाली. "मग ही कोण तुमची? भाची?"

शिष्य खाकरला. पोर म्हणाली, "आई, मी माझ्या मनाने आले यांच्यात."

"तू गप. यांना आधी पुढचं पान विचार." बाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "नातू गेल्यावर बुद्धांचे म्हातारे वडील त्यांच्याकडे गेले. म्हणाले, तू गेलास तेव्हा दुःख झालं, आता हा गेला. पोरांची माया कातडी कापते, मांस कापते, हाडात शिरते. पुढे कुणाच्या घरी असं करू नकोस. बुद्धांनी ऐकलं की नाही? आईबापाच्या परवानगीवाचून मुलाला घ्यायचं नाही, असा नियम केला की नाही?"

"केला," शिष्य हळूच म्हणाला.

"बाप मी आहे," मूर्तिकार म्हणाला. "माझी परवानगी आहे."

"आणि या कागदावर सही?"

"ते नाव मी सोडलं, ताई. त्या नावाने सही करता येत नाही."

बाई हसली. तसं हसणं माझ्या कुठल्याही फाकेत मावलं नसतं.

"सहीला तुमचं नाव नाही, आणि पोर न्यायला तुम्ही बाप! बुद्धांनी राज्य सोडलं, पण म्हाताऱ्या बापाचं दुःख ऐकून नियम बदलला. तुम्ही एक गळकी शेड सोडलीत आणि गुरुजी झालात. माझी परवानगी नाही. निघा."

शिष्याने खाली बघत पोरीच्या अंगावरचं भगवं उपरणं काढून घेतलं. नियम तो नियम. मूर्तिकार गेला. सही न करताच गेला.

या सगळ्यात मला रिकामं करायचं राहिलं. माझ्यातलं डोकं आतपर्यंत घट्ट झालं. दुसऱ्या दिवशी बाईने ते उकरताना माझी एक फाक कानाजवळ तडकली.

पोर महिनाभर आईशी बोलली नाही. आई ताट वाढायची, पोर भिंतीकडे तोंड करून जेवायची. नवा गाळा मिळाला नाही. शेड रिकामी करायच्या दिवशी भट्टीच्या विटा, चाळण्या, बादल्या हातगाडीवर चढल्या. शेवटी मी राहिलो.

"हा घे ना," पोर पहिल्यांदा बोलली. "हा बाबांनी केलाय. यातली शांती बघ."

बाईने माझी तडकलेली फाक उचलून उजेडात धरली.

"या पापण्या माझ्या आहेत," ती म्हणाली. "तू तीन दिवसांची होतीस. भरदुपारी तू टाहो फोडत होतीस आणि मला बसल्या बसल्या गुंगी आली होती. तुझा बाप समोर बसून माती लावत होता. म्हणाला, हलू नकोस, चेहऱ्यावर काय शांती आलीय. उठून तुला घेतलं नाही याने."

पोर माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. हातगाडीचा एक दांडा तिने धरला, दुसरा आईने. मला कुणी घेतलं नाही.

मी अजून इथेच पडलोय. उद्या गल्ली पाडणारे येतील आणि माझा चुरा होईल, त्याचं मला काही नाही. पण माझ्यातून निघालेली डोकी गावोगावच्या घरांत आहेत. पाहुणे आले की तुम्ही बोट दाखवून म्हणता, बघा, किती प्रसन्न वाटतं! म्हणा. फक्त तसं म्हणताना आतल्या खोलीत पोर रडत असेल, तर आधी उठून तिला घ्या.