पाठ झालेले दहा पडदे

“तिसरा. उजवीकडे खाली, मेलेला ठिपका,” घारताई म्हणाल्या.

अंधाऱ्या खोलीत फोनचा पडदा सपाट करड्या रंगाने उजळला होता. बावीस वर्षं त्या फोनच्या कारखान्यात असल्या पडद्यांतले दोष हुडकत आल्या होत्या. हजारांत एक डाग असला तरी त्यांच्या तावडीतून सुटायचा नाही, म्हणून ‘घार’ हे नाव पडलं. दर वर्षी तपासणाऱ्यांचीही नजर तपासली जाई. मुद्दाम राखून ठेवलेले तेच दहा सदोष पडदे, त्याच क्रमाने. त्यांतल्या आठांचे तरी दोष ओळखले नाहीत, की रवानगी पॅकिंगला, दिवसभर उभ्याने.

दोन वर्षांपासून त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं होतं. लेक फोनवर म्हणायची, “आई, डोळे दाखवून घे गं एकदा.”

“माझे डोळे कंपनी तपासते. तेही फुकट!”

खरं तर ते दहा पडदे त्यांना तोंडपाठ होते.

“सातवा. मधोमध उभी रेघ. काय गं, लिहीत का नाहीस?”

समोर पर्यवेक्षक बसली होती. हे काम तिला घारताईंनीच शिकवलेलं. तिचं पेन पहिल्या पडद्यापासूनच थांबलं होतं.

“ताई, हा संच नवा आहे. जुना गेल्या महिन्यात मोडीत काढला.”

घारताई पडद्याकडे बघत राहिल्या. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

“मी दहापैकी नऊ टाकते,” समोरची पोरगी हळूच म्हणाली. “कोण बघतंय?”

“बघायचाच पगार घेतो आपण.”

“निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत हो तुमच्या.”

“आणि गेल्या दोन वर्षांत माझ्या हातून काय काय सुटलं असेल? शून्य लिही.”

“ताई, एखादा तरी...”

“शून्य. आणि नीट काढ. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.”

दुपारी त्या पॅकिंगच्या हॉलमध्ये आल्या. तिथे लख्ख उजेड होता.

“इकडे कुठे, घारताई? वाट चुकलात?” टेबलापलीकडची बाई हसली.

“नाही. आता इथंच.”

बाईचं हसू विरलं. तिने फडकं आणि रिकामा खोका त्यांच्यापुढे सरकवला.

सवयीने त्यांनी पहिला पडदा उजेडात तिरपा धरला. क्षणभर तसाच राहू दिला. मग पुसला, खोक्यात पालथा ठेवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.