आजीचं ऐकू नकोस

“आईचं ऐक गं बये! आजीचं मुळीच ऐकू नकोस!”

पितळी खल बाळाच्या कानाशी नेऊन उम्म वग्दी बत्ता हाणत होती आणि बायका खो खो हसत होत्या. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या त्या गल्लीत कुणाच्याही बाळाचा सातवा, म्हणजे सातव्या दिवसाचा सोहळा, असला की खल वाजवायला तिलाच बोलावणं यायचं. आज तर तिच्याच पहिल्या नातीचा, लुजैनचा सातवा. रिवाजाप्रमाणे चाळणीत ठेवलेलं बाळ तिनं हलवलं, मीठ उधळलं.

सून रिहाब तेवढी हसत नव्हती. बाळ पोटात असतानाच सोनोग्राफीच्या फोटोत त्याच्या अंडाशयावर गाठ दिसली होती. जन्मल्यावर लगेच पुन्हा दाखवायचं होतं.

“आई, गाठीला पीळ पडू शकतो म्हणाल्यात डॉक्टरीणबाई,” ती परोपरीनं सांगत आली होती.

“सातव्याआधी तान्हं पोर उंबऱ्याबाहेर? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! लिंबाएवढी गाठ, जिरेल आपोआप. मी चार पोरं वाढवली, तुझ्या डॉक्टरणीनं किती?”

रिहाबचा नवरा वग्दी बायकोकडेही बघेना, आईकडेही. त्या घरात म्हातारीपुढे कुणाची टाप नव्हती.

पाहुणे पांगले आणि बाळ ओकू लागलं. पोट टम्म फुगलं. दुसऱ्या दिवशी त्या मुठीएवढ्या पोटावर शस्त्रक्रिया झाली.

“डावं अंडाशय पिळून काळं पडलं होतं, काढावं लागलं,” डॉक्टरीण म्हणाली. “उजवं चांगलं आहे. पुढे लेकरं होतील तिला.”

“मी चाळणीत हलवलं, त्यानं झालं का गं?”

“नाही हो आजी. पीळ कदाचित ती आईच्या पोटात असतानाच पडला असेल.”

उम्म वग्दीचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे आधी आणली असती तरी...?”

डॉक्टरीण म्हणाली, “ते आता कुणालाच सांगता यायचं नाही.”

म्हातारी बाकावर बसली. सुनेनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. रिहाबनं पिशवीतून भाकरी काढली.

“खा आई. सकाळपासून उपाशी आहात.”

म्हातारीनं भाकरी तशीच हातात धरून ठेवली. लाज वाटत होती, भाकरीचीसुद्धा.

संध्याकाळी बाळाला आईजवळ आणलं. पोटावर पांढरी पट्टी होती. उम्म वग्दी दबकत पलंगाशी गेली, हात मागे बांधून वाकली आणि बाळाच्या कानाशी हळूच म्हणाली,

“आईचं ऐक, बये. आजीचं ऐकू नकोस.”

या वेळी कुणी हसलं नाही.