न सांगता गेलेला फोन

गोराईच्या कोळीवाड्यात सून होऊन आल्यावर निशा पहिली गोष्ट शिकली ती ही, की दर्यावर निघालेल्या माणसाने 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. भांडुपला तिच्या माहेरीही सगळे 'येतो'च म्हणत, पण तिथे तो नुसता तोंडातला शब्द होता. ऑफिसला गेलेला बाप संध्याकाळी परत येणारच, त्यात काय! इथे तिची सासू सोनूबाई मुलाच्या तोंडून तो शब्द ऐकल्याशिवाय दारातून हलायची नाही. हरेश्वर कधी घाईत विसरलाच, तर ती त्याला थेट बोटीपाशी गाठायची. "काय बोलायचं ऱ्हायलंय रे तुझं?"

हरेश्वरची आणखी एक रीत होती. बोट खाडीच्या तोंडातून बाहेर पडली की तो निशाला फोन लावायचा, "येतो गं" म्हणायचा आणि मग फोन बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवायचा. समुद्रात रेंज नसते, चालू ठेवला तर टॉवर शोधून शोधून त्याची बॅटरी उतरते, हे त्याला निशानेच सांगितलं होतं. अनय पोटात असेपर्यंत ती पवईला एका मोबाइल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होती.

तो दर्यावर असला की रोज सकाळी ती त्याचा नंबर लावायची. रेकॉर्डिंगमधली बाई सांगायची, आपण लावलेला नंबर सध्या बंद आहे. तेवढं ऐकलं की निशाला बरं वाटायचं. आहे, सगळं नेहमीसारखं आहे.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर अचानक वारा उठला. किनाऱ्यावरच्या बाकीच्या बोटी कशाबशा परत आल्या. हरेश्वरची आली नाही. बोटीवर तो आणि धोंडिराम नावाचा खलाशी, दोघंच. वायरलेस मुका. रात्र तशीच गेली.

सकाळी अनयला पाजता पाजता निशाने सवयीने नंबर लावला. बाई म्हणाली, आपण ज्यांना संपर्क करत आहात ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत.

निशाने फोन कानापासून काढून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. अनयला तसाच पदराखाली धरून ती अंगणात आली. तिथे सोनूबाई बसली होती, धाकटा दीर विकी होता, आणि मच्छीमार सोसायटीचे म्हातारे बाळ तांडेल ओहोटीआधी बोटी काढायचं बोलत होते.

"आई, काल बंद सांगत होती. आज बाहेर सांगतेय."

"बाहेर म्हंजे? कुठं बाहेर?"

शेजारची जया कुंपणापलीकडून म्हणाली, "हद्दीच्या बाहेर गेला असंल. पलीकडल्यांनी धरला तर वाट लागली बघ."

"जीभ आवर गो जये!" सोनूबाई कडाडली. "सकाळच्या पारी तुला हेच सुचतंय?"

बाळ तांडेल समजुतीने म्हणाले, "सूनबाई, दर्यात गेलेला माणूस रेंजच्या बाहेरच असतो. त्यात नवीन काय? इंजिन गेलं असंल. पाण्याची ओढ बघता बोट खाली वाहून जाणार, दक्षिणेला. दोन बोटी तिकडं काढतोय आमी."

"नाही काका," निशा म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "आज त्याने फोन चालू केलाय."

ती सांगू लागली. फोन चालू झाला की माणूस बोलो न बोलो, फोन आधी जवळच्या टॉवरला हाक मारतो, मी इथे आहे म्हणून. टॉवर ते एक्स्चेंजला कळवतो, आणि एक्स्चेंज त्या नंबरापुढे टॉवरची खूण करून ठेवतं. म्हणून तर कोणी फोन लावला की सगळी मुंबई न धुंडाळता तो सापडतो. आपण बटण दाबून बंद केला, तर काळा पडण्याआधी तो टॉवरला सांगून जातो. कंट्रोल रूमच्या माधुरी मॅडम नव्या मुलींना शिकवताना म्हणायच्या, शहाण्या पोरासारखा 'येतो हं' म्हणतो बघा. मग ती बाई म्हणते, बंद आहे. पण न सांगता गेला, रेंज तुटली किंवा काही झालं, तर एक्स्चेंजला वाटतं, असेल इथेच, येईल. ते काही तास, कधी दिवसभरही, त्याची जागा धरून ठेवतं, आणि बाई तोवर म्हणत राहते, बाहेर आहे.

हे सगळं तिला नोकरीत पाठ होतं, पण कळलं ते अनय झाल्यावर. चूल सांभाळताना हात पोळीवर असतात आणि कान पाळण्याकडे. पोर झोपेतही मधून मधून हुंकारतं, आणि तो हुंकार आला नाही की आपण लाटणं टाकून धावतो.

"काल बंद होता म्हणजे सांगून गेला होता," ती म्हणाली. "आज बाहेर म्हणजे मधे कधीतरी कुठल्यातरी टॉवरला लागला, आणि न सांगता गेला. कुठला टॉवर ते कंपनीला माहीत असतं."

"वहिनी," विकी हळूच म्हणाला, "चालू केला तर मग फोन का नाय केला त्याने?"

हाच प्रश्न तिला नको होता. रेंज गेली असेल. नाहीतर फोन पाण्यात गेला असेल. आणि फोन पाण्यात गेला, तर तो धरणारा हात?

अनयने दूध सोडून वर पाहिलं. तिने त्याचं डोकं छातीशी घेतलं. "ते मला नाही माहीत रे. पण चालू कोणीतरी केलाच ना? आपोआप नाही होत तो."

बाळ तांडेल खाडीकडे बघत राहिले. पाणी उतरायला लागलं होतं. "थांबलो आणि तुझा टॉवर नाय मिळाला, तर बोटी चिखलात बसतील. मग भरतीशिवाय निघायच्या नाय. कळतंय ना?"

तिला कळत होतं. आणि हेही आठवत होतं, की तक्रारीचे फोन आले की किती गिऱ्हाइकांना तिनेच सांगितलं होतं, कधीकधी रेकॉर्डिंग चुकीचंही वाजतं हो, मनावर घेऊ नका.

"थांबा काका," ती म्हणाली.

तिने माधुरी मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नंबर विचारला. थोडा वेळ नुसती बटणांची टकटक ऐकू आली.

"निशा, मला बघता येतं, पण तुला सांगता येत नाही. नियम तुला माहीत आहे."

"हो मॅडम."

"पोलिसांकडून मागणी येऊ दे. मी जागेवरून हलत नाही." मग आवाज बदलला. "आणि ऐक. वेळ घालवू नकोस गं."

काही दिसलंच नसतं, तर त्या असं म्हणाल्या नसत्या. निशा विकीला म्हणाली, "पळ. पोलीस चौकी. काकांना घेऊन जा."

विकीच्या बाइकचा आवाज गल्लीतून गेला. खाडीच्या कडेला चिखलाचा काळा पट्टा रुंद होत गेला. जया कुंपण ओलांडून आली, तिने अनयला आपल्याकडे घेतलं. सोनूबाई निशाच्या हातातल्या फोनकडे टक लावून होती.

फोन वाजला तेव्हा पलीकडे बाळ तांडेल होते.

"वर हाय गो, उत्तरेला! अर्नाळ्याच्या पुढचा टॉवर. वर कसा गेला असंल?" मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "रात्री वारा फिरला. आमी झोपेत, नाय कळलं." आणि मग जोराने, "बोटी काढा म्हणावं! मी आलोच!"

दोन्ही बोटी तळ चिखलाला घासत बाहेर पडल्या. किनाऱ्यावरून तो घासण्याचा आवाज ऐकू येत होता.

ऊन कलता कलता त्या परत आल्या. मधे, दोराला बांधलेली, हरेश्वरची बोट.

मिठाने त्याचे ओठ फाटले होते. धोंडिरामचा हात गळ्यात बांधला होता, पण तो स्वतःच्या पायांनी उतरला. सोनूबाईने मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि चुलीवर पेज ठेवायला गेली.

पेजेचा वाडगा दोन्ही हातांत धरून हरेश्वर सांगत होता. इंजिनात पाणी शिरलं. वायरलेसची बॅटरी भिजली. उजाडल्यावर लांब किनाऱ्याची रेघ दिसली, म्हणून केबिनच्या टपावर चढून फोन चालू केला. रेंजची एक काडी आली. "फोनमधे तुझं नाव काढलं, आणि लाट आली. फोन धरू का डोलकाठी?" त्याने मान हलवली. "काठी धरली. एक रिंगपण नाय गेली गं तुला."

"नाही गेली," निशा म्हणाली. "पण तू नाव शोधायच्या आधीच फोन टॉवरशी बोलून मोकळा झाला होता."

त्याला नीट कळलं नाही. ती नंतर सांगणार होती. आता तिला फक्त त्याच्या हाताजवळ बसायचं होतं. अनय बापाच्या मांडीवर चढून त्याच्या दाढीतलं मीठ बोटाने खरवडत होता.

सोनूबाई चुलीपासून म्हणाली, "लाव गो त्याचा फोन."

"आता कशाला आई? तो तळाला गेला."

"लाव तर."

निशाने लावला, स्पीकरवर. बाईने मराठीतून सांगितलं, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. मग तेच हिंदीतून सांगू लागली.

"बघ," सोनूबाई म्हणाली. तिचा आवाज दिवसभरात पहिल्यांदा रडवेला झाला. "आपण जेवाया बसलो, ती बिचारी अजून वाट बघतेय. सांग की रे तिला."

निशाला हसू यायला हवं होतं. तिने फोन हरेश्वरपुढे धरला. बाई इंग्रजीवर आली तेव्हा हरेश्वरने वाडगा खाली ठेवला, फोन फाटक्या ओठांशी नेला आणि म्हणाला, "आलो."