तीन ठिकाणी तेल

“इंजिन चालू असताना झाकण काढताय, मिस्त्री? तोंडावर उडेल की!” ड्रायव्हरबाई ओरडली.

“उडू दे,” म्हणत मिस्त्रींनी तेल भरायच्या तोंडावरचं झाकण फिरवून काढलंच. फुस्स करून धूर आला, चष्म्यावर तेलाचे शिंतोडे उडाले. “आता वाकून गाडीखाली, मागे बघा. थेंब पडतोय?”

ती वाकली. “थांबला की हो!”

रुग्णालयाची ही व्हॅन चार लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. आठवड्यातून तीनदा किडनीच्या अकरा रुग्णांना घरून आणायचं आणि डायलिसिस झालं की घरी सोडायचं, हे तिचं काम. दोन महिन्यांपासून ती दिवसाला लिटरभर तेल गाळत होती. बाहेरच्या गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून इंजिनाचं तेल अडवणारं मागचं सील बदललं, तरी आठवड्यात पुन्हा तेच. आज बारा वाजता वाहन विभागाचे साहेब तिला भंगारात काढायच्या कागदावर सही करणार होते. नवी गाडी कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. तोवर अकरा माणसांनी आपलं आपण यायचं.

तेल न बघता गाडी दामटली असा ठपका ठेवून ड्रायव्हरबाईला मेमो मिळाला होता. त्याला मिस्त्रींचाही हातभार होता. चहाच्या वेळी, सगळ्या ड्रायव्हरांसमोर ते म्हणून गेले होते, “बाई गाडी फार ताणतात.” साहेबांच्या कानावर जायला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून बाईने त्यांना दादा म्हणणं सोडलं.

मिस्त्री एकोणसाठ वर्षांचे. एखादा नट निघाला नाही तर जेवायला उठायचे नाहीत. बायको म्हणायची, “माणसं म्हणजे नट नव्हेत हो.” त्यांना ते कधी पटलं नाही.

आज ते सकाळी सहालाच रुग्णालयाच्या गाड्यांच्या शेडमध्ये आले होते. त्यांनी अख्खं इंजिन डिझेलने धुतलं, पुसून कोरडं केलं आणि घरून आणलेला पावडरचा डबा त्यावर रिकामा केला. सगळ्या शेडला न्हाऊन आलेल्या तान्ह्या बाळाचा वास सुटला. पांढऱ्या पावडरवर तेलाचा ओघळ लपत नाही. गळती शोधणारे बहुतेक जण थेंब पडतो तिथे बघतात. मिस्त्री ओघळ सुरू होतो तिथे बघायचे. आज ओघळ एक नव्हता, तीन होते.

“मागे, पुढे आणि वरच्या झाकणाला,” त्यांनी बोटाने दाखवलं. “एकाच ठिकाणी असतं तर सील गेलं म्हटलं असतं. तिन्ही सीलं काय ठरवून संपावर गेली?”

“इंजिन म्हातारं झालंय. सगळे तेच म्हणतात.”

“म्हातारा मीही झालोय. आत हवा कोंडतेय, बाई. ती बाहेर जायला एक नळी असते. नळी तुंबली की हवा मिळेल त्या फटीतून तेल घेऊन बाहेर पडते. झाकण काढल्यावर थेंब उगाच थांबला नाही.”

इंजिन बंद करून ते गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. नळीवर हात ठेवून टोकापर्यंत गेले. टोकाला रबरी बूच होतं, तारेने आवळलेलं. तारेला तीन पीळ आणि कुणाचा हात फाटू नये म्हणून टोक आत वळवलेलं. अख्ख्या शेडमध्ये तार अशी वळवणारा माणूस एकच होता.

ते स्वतः. दोन महिन्यांपूर्वी नळीतला धूर गाडीत यायचा आणि एका आजींना त्याने मळमळायचं. रुग्ण दारात उभे होते, घाई होती. ‘आजच्यापुरतं’ म्हणत त्यांनी बूच मारलं; संध्याकाळी नळी लांब करून मागे सोडायची होती. त्याच दुपारी बायको न्हाणीघरात पडली. आठ दिवसांनी कामावर आले तेव्हा बूच साफ विसरले होते. आणि तोंड वर करून बाईला नावं ठेवून मोकळे झाले.

बूच खिशात घातलं असतं तर कुणाला कळलं नसतं. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःची किळस आली.

“सापडलं का?” वरून बाईने विचारलं.

ते वर आले आणि बूच तिच्या हातावर ठेवलं. “हे. मीच मारलं होतं. विसरलो.”

तिने बूच बोटांत फिरवून पाहिलं. “दोन महिने मला स्वतःच्या पायाचा भरवसा नव्हता, मिस्त्री. वाटायचं, आपण खरंच ॲक्सिलरेटर फार दाबतो की काय.”

मिस्त्रींनी ओघळ पुसले, नवी पावडर टाकली, नळी लांब करून गाडीच्या मागे मोकळी सोडली आणि तासभर इंजिन चालवलं. बारा वाजता साहेब आले तेव्हा पावडर पांढरीच होती. मिस्त्रींनी त्यांना बुचाचं सगळं सांगितलं.

“वाचली म्हणायची गाडी!” साहेब खूश झाले. “कारण लिहा, जुनी झीज. तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे. उगाच स्वतःला कशाला अडकवताय?”

“झीज लिहिली तर बाईंचा मेमो तसाच राहील, साहेब.”

“मग मुदतवाढीचं अवघड आहे.”

“असू दे.”

त्यांनी खरं कारण लिहिलं. साहेबांनी सही केली आणि मेमो रद्द झाल्याचंही खाली लिहून दिलं. मिस्त्रींनी एक प्रत बाईपुढे धरली. तिने ती वाचली आणि परत केली.

“चहाच्या वेळी बोलला होतात, चार माणसांत. वाचायचंही तिथेच.”

दुपारी चारला, सकाळी आपलं आपण आलेल्या अकराही जणांना घरी सोडून ती परतली तेव्हा मिस्त्री चहाच्या बाकांपाशी कागद घेऊन उभे होते. ड्रायव्हरांनी कप खाली ठेवले. मिस्त्रींनी वाचलं: नळी कुणी बंद केली, कोण विसरलं, आणि बाईंचा दोष कसा नव्हता.

“सही कुणाची, तेही वाचा,” बाई म्हणाली.

त्यांनी हुद्द्यासकट आपलं नाव वाचलं.

“काय म्हणतायत?” कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या वॉचमनने शेजाऱ्याला विचारलं. त्याला कमी ऐकू यायचं. शेजारी काही सांगायच्या आत मिस्त्री त्याच्याजवळ गेले, वाकले, आणि मोठ्याने, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागले.