दोन पोटांच्या मुंग्या

मित्रांनो, मी मुंग्यांची एक जुनी काचपेटी आहे. थकले आहे, हे आधीच सांगते. कोपरे झिजलेत, अंगावर चरे पडलेत, आणि इतक्या पायांची ये-जा सोसून जीव मेटाकुटीला आलाय.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला आणलं. मुंग्या एकमेकींना कशा सांभाळतात, हे त्यांना बघायचं होतं. प्रत्येक मुंगीच्या पाठीवर त्या रंगाचा बारीक ठिपका द्यायच्या आणि माझ्यावर लाल पारदर्शक कागद लावायच्या. लाल उजेड मुंग्यांना दिसत नाही; त्यांना वाटायचं, आपण जमिनीखालीच आहोत. मुंगीला दोन पोटं असतात. एक स्वतःचं, दुसरं घरच्यांसाठी. त्यात साखरपाणी भरून आणायचं आणि तोंडाला तोंड लावून वाटायचं. ते बघायला मुलांची झुंबड उडायची. तेव्हा माझं काय कौतुक होतं!

मग राणी मेली. तरी मुंग्या तिला चाटत, साफ करत राहिल्या, म्हणून बाईंनाही ती जिवंतच वाटली. बरेच दिवस अंडी दिसेनात, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. राणी गेली म्हणजे नव्या मुंग्या जन्मणार नव्हत्या. विभागप्रमुख म्हणाले, पेटी रिकामी करून टाका. बाईंच्या अगदी जिवावर आलं. त्या निवृत्त होतच होत्या. मला मांडीवर घेऊन घरी आल्या.

घरी त्यांची थोरली बहीण होती. बाईंना कायम उशीर व्हायचा, त्यामुळे ताई वर्षानुवर्षं एकट्याच जेवत आल्या होत्या. आता बाई घरी होत्या, पण दिवसभर डोळे माझ्यावरच. ताईंचं ताट स्वयंपाकघरात एकटंच. मला मेलीला सगळं दिसायचं, पण बोलणार कशी?

मुंग्या एकेक करून गेल्या. पिवळ्या ठिपक्याची एकच उरली. ती साखरपाणी भरून आत यायची आणि रिकाम्या खोल्यांतून कुणाला तरी शोधत फिरायची. मला ते बघवत नव्हतं.

ताई म्हणाल्या, "आता सगळं तिचंच. खाईल की निवांत."

बाई म्हणाल्या, "एकटीला पचत नाही गं, ताई. सोबत कुणी नसलं की या लवकर मरतात."

ताई मग हळूच म्हणाल्या, "मला तरी कुठे पचतंय?"

बाईंनी माझ्यावरची नजर हटवली. त्या उठल्या आणि त्यांनी दोन ताटं घेतली.

पिवळी पुढे थोडेच दिवस जगली. आता मी माळ्यावर धूळ खात पडले आहे. जेवणाच्या वेळी खालून दोघींचं बोलणं ऐकू येतं, तेवढं मला पुरतं. मित्रांनो, मला पुसायला कुणी आलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी एकटं जेवत असेल, तर आपलं ताट उचला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा.