शहाण्णव बाटल्या, त्र्याण्णव ओळी

बाटल्या शहाण्णव होत्या. एका वसाहतीच्या बारा इमारती, प्रत्येकीला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू, प्रत्येक बाजूला चार मजले, आणि दर मजल्याच्या नळाची एक बाटली. क्रेट चार, एकेकात चोवीस. संगणकावरच्या फाइलमध्ये मात्र ओळी त्र्याण्णव होत्या. नवीने त्या एकदा वरून खाली मोजल्या, एकदा खालून वर मोजल्या. दुसऱ्यांदाही त्र्याण्णवच भरल्या तेव्हा तिने कीबोर्डवरून बोटं उचलली. बोटांना पिवळट चिकटा लागला होता. तो नाकाजवळ नेण्याची चूक तिने केली.

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला लागून चौदा महिने झाले होते, तरी सगळे तिला नवीच म्हणत. तिच्यानंतर दुसरं कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे नाव पुढे सरकायला जागा नव्हती.

ओळी मोजायला बसण्याचं कारण तिची ताई. ताई त्याच वसाहतीत राहायची, दहाव्या इमारतीत, पूर्वेकडे, दुसऱ्या मजल्यावर. सकाळीच तिचा फोन आला होता.

"काय गं, तुमच्या यंत्राला आमची इमारत फारच आवडलेली दिसते. चारही मजल्यांना सारखेच मार्क."

"सारखे म्हणजे?"

"सारखे म्हणजे सारखे. दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक चार, खाली पुन्हा तेच. समोरची म्हणते, परीक्षेत एकमेकींचं बघून लिहिलंय."

ताई हसली. नवीला हसू आलं नाही. ते आकडे शिशाचे होते, लिटरमागे किती मायक्रोग्रॅम त्याचे. दहापर्यंत चालतं, त्यापुढे नाही. शिशाला वास नसतो, चव नसते, आणि लहान मुलांच्या हाडांत ते मुक्कामाला जातं. ताईची मुलगी चार महिन्यांची होती आणि बाटलीच्या दुधावर होती. नऊ दिवसांपूर्वी अहवाल आला, तोवर ताई पाण्याचे कॅन वर चढवून आणायची. अहवाल आला आणि तिने कॅन बंद केले.

चार वेगळ्या नळांचं पाणी दशांशापर्यंत सारखं निघालेलं नवीने कधी पाहिलं नव्हतं. तीच बाटली लागोपाठ दोनदा लावली तरी यंत्र एकदा २.४ म्हणतं आणि एकदा २.५.

म्हणून तिने फाइल उघडली होती. आता तिने बाटल्यांच्या खुणांचा रकाना पाहिला. खूण साधी होती: इमारतीचा आकडा, मग पूर्वेला E किंवा पश्चिमेला W, मग मजला. ताईचा नळ 10E2. पश्चिमेच्या अठ्ठेचाळीस खुणा जशाच्या तशा होत्या. पूर्वेची एकही उरली नव्हती. त्या जागी 1.00E+01, 1.00E+02, 2.00E+03 अशी रांग लागली होती.

झालं काय ते कळायला तिला मिनिटही लागलं नाही. आकड्यांच्या मध्ये E दिसला की सॉफ्टवेअर तो दहाचा घात समजतं. 1E3 म्हणजे एक गुणिले हजार. 10E2 म्हणजे दहा गुणिले शंभर, तेही हजारच. पहिल्या इमारतीचा तिसरा मजला आणि दहावीचा दुसरा मजला, दोघांच्या कपाळी 1.00E+03. अशा तीन जोड्या होत्या. आणि तीनच ओळी कमी होत्या.

यादीकाका शेजारच्या टेबलावर कागदाच्या क्लिपने कान कोरत होते. वीस वर्षं याद्या त्यांच्याकडे होत्या. क्लिपच्या टोकाला काय आलं ते त्यांनी उजेडात धरून पाहिलं, चड्डीतल्या मुलासारखं समाधानाने, आणि बोट विजारीला पुसलं. कीबोर्डचं कोडं नवीला सुटलं.

"काका, यंत्रातून आलेली मूळ फाइल कुठाय?"

"हीच की. उघडली, नीटनेटकी केली, सेव्ह केली."

"तिच्यावरच?"

"मग काय शेजाऱ्याच्या फाइलवर करू?"

"उघडताना सॉफ्टवेअर विचारतं ना, कुठला रकाना आकडा, कुठला मजकूर?"

"आतल्या दारानं गेलं तर विचारतं. मी आपला दोनदा क्लिक करतो, थेट आत. एवढ्या चौकशा कोण करत बसणार?"

"तीन ओळी काढल्यात तुम्ही."

"डबल होत्या. तुम्ही मंडळीच दर दहावी बाटली दोनदा लावता, खात्रीला म्हणून. साहेबांनीच बटण दाखवलंय. दाबलं की पहिली ओळ राहते, दुसरी जाते."

"या खेपेला कुठलीच दोनदा लावली नव्हती. ॲसिड संपत आलं होतं."

"ते मला कोण सांगतं?"

"पण जोडीतल्या दोन ओळींचे शिशाचे आकडे वेगळे असणार. ते तरी बघायचे."

"बटणाला काय डोळे असतात?" काका म्हणाले. रागाने नाही, त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"आणि दहाव्या इमारतीचे पूर्वेचे तीन मजले?"

"ते आलेच नव्हते. रकाना रिकामा दिसला की साहेब डोक्यावर बसतात. चौथ्या मजल्याचा आकडा होता, तोच धरला आणि तिन्हींवर ओढला." कोपरा धरून कसा ओढायचा ते त्यांनी हवेत बोटाने करून दाखवलं. तेच बोट.

काकांच्या कानापेक्षा नवीला त्या ओढण्याची जास्त किळस आली. त्यांनी खोटा आकडा विचार करून रचला असता तर निदान त्यात कष्ट तरी दिसले असते. हे म्हणजे ओल्या फडक्याने टेबल पुसावं तसं झालं होतं: सगळीकडे सारखं, सगळीकडे घाण. तिने अहवालाची प्रत काढली. छापील, सरळ रेघांची, शहाण्णवच्या शहाण्णव ओळी. काकांनी 1.00E+03 मधून पुन्हा इमारत आणि मजला हुडकून हाताने खुणा टाइप केल्या होत्या. दहा आणि पुढच्या इमारतींना मजला एकाने वाढलेला दिसतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, तेवढा त्यांनी कमी केला होता. इतकी हुशारी. खाली 'तपासले' या शब्दापुढे सही होती. नवीची. त्या दिवशी तिने उभ्याउभ्याच केली होती, चौदा पानांवर, एकही ओळ न मोजता. सही छान आली होती. तिला त्या वळणाची शिसारी आली.

बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन तिने फोन लावला.

"ताई, नळाचं पाणी बंद कर. उकळूनसुद्धा नको, त्याने शिसं जात नाही. आत्ता कॅन मागव."

"तुझ्याच सहीचा कागद आहे दारावर. मी खरं कुणाचं मानू, त्याचं की तुझं?"

"माझं. त्या कागदावर तुझ्या मजल्याचं पाणी नाहीच आहे. चौथ्या मजल्याचं आहे, चारदा."

"मग आमचं कुठंय?"

"इथेच, बाटलीत आहे."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नऊ दिवस झाले गं," ताई म्हणाली. "रोज सहा वेळा."

"वाईट असेलच असं नाही. बहुतेक..."

"बहुतेक नको. दवाखान्यात जायचं की नाही ते मला ठरवायचंय. तुझ्याकडे मोजायचं यंत्र आहे ना, मग आकडा सांग."

साहेबांच्या टेबलावर चहाचे तीन कप होते आणि तिन्हींच्या तळाशी साय धरलेली होती. एका सायीला हिरवट केस फुटले होते. नवीने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं आणि साध्या मजकुराची दोन ओळींची फाइल बनवली: 1E3, 10E2. साहेबांसमोर ती दोनदा क्लिक करून उघडली. दोन्ही ओळींत 1.00E+03 आलं.

"अच्छा," साहेब म्हणाले. "म्हणजे सॉफ्टवेअरची चूक."

"ते विचारायला तयार असतं, साहेब. आपण तोंड उघडू देत नाही." तिने तीच फाइल आयातीच्या रस्त्याने पुन्हा घेतली, रकान्यावर 'मजकूर' निवडलं. 1E3 आणि 10E2, एकाखाली एक, जसेच्या तसे.

साहेबांनी ते लक्ष देऊन पाहिलं, आणि कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

"अगं, पण एकाच टाकीचं पाणी आहे. दुसऱ्या मजल्यावर वेगळं काय सोनं येणार आहे?"

"सोनं नाही, शिसं. टाकी एक असली तरी दर मजल्याचा फाटा वेगळा आहे. म्हणून तर शहाण्णव बाटल्या घेतल्या."

"अहवाल गेलाय. पुन्हा मोजायचं म्हणजे आधीचा चुकला असं लिहून द्यावं लागेल. ते कोण देणार?"

"मी देते. सही माझीच आहे."

"तुझ्या सहीवर माझी आहे." साहेबांनी बोट कपातून काढून रुमालाला पुसलं. "सोमवारी बसून बघू. शांत डोक्याने."

"सोमवारी काय बघणार? बाटल्या तरी राहतील का?"

"नाही राहणार," साहेब म्हणाले. "सकाळीच धुवायला सांगितल्यात. व्हरांडा अडतो."

धुण्याच्या खोलीत पाण्याचा आवाज चालू होता. नवी पोचली तेव्हा तीन रिकामे क्रेट भिंतीला उलटे टेकवलेले होते. मोरीच्या जाळीवर लेबलांचा लगदा, केस आणि करडा बुळबुळीत थर साचला होता, त्यात पाणी घुटमळत होतं. मावशी कोपरापर्यंत त्यात हात घालून जाळी मोकळी करत होत्या. चौथ्या क्रेटमधल्या सात बाटल्या ओट्यावर पालथ्या होत्या.

"मावशी, थांबा. पुढची ओतू नका."

"थांबते की. साहेब म्हणतात आटप, तुम्ही म्हणता थांब. पगार मात्र दोघं मिळून एकच देता." त्यांनी हात बाहेर काढला, आणि सोबत मोरीचा वास बाहेर आला. "काय हरवलं?"

नवीने तोंडाने श्वास घेत ओट्यावरच्या बाटल्या उलटून खुणा वाचल्या. 12E2, 12E3, 12E4. मग 12W1, 12W2, 12W3, 12W4. मावशींनी क्रेट मागच्या टोकाकडून धरला होता. पहिली रांग अजून भरलेली होती. 10E1. 10E2. 10E3. पहिल्या क्रेटमधली 1E3 कधीच मोरीतून गेली होती. तिचा निदान आकडा फाइलमध्ये होता, २.९.

तिने तिन्ही बाटल्या छातीशी धरून उचलल्या.

"झाकणं घट्ट आहेत ना बघा," मावशी म्हणाल्या. "नाहीतर घरी जाऊन झगाही धुवाल."

यंत्र तापायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिने तीन नळ्या ॲसिडने धुतल्या, हात दोनदा धुतले, आणि वहीत पेनाने खुणा लिहिल्या. साहेब दारापर्यंत आले, उभे राहिले. काका त्यांच्या मागे होते, हातात क्लिप नव्हती. नवीने आधी शुद्ध पाणी लावलं: ०.०. मग दहा मायक्रोग्रॅमचं प्रमाण द्रावण: १०.१. यंत्र ठीक होतं.

10E1 लावली. २.२.

10E3 लावली. २.६.

टेबलावर ठेवलेला फोन थरथरला, ताईचा. तिने तो उचलला, "एक मिनिट" म्हणाली आणि चालूच ठेवून वहीशेजारी पालथा घातला. मग 10E2 लावली. आकडा आला तो तिने वहीत लिहिला, नळी ॲसिडने पुन्हा धुतली, शुद्ध पाणी पुन्हा लावलं, ०.० आलं, आणि त्याच बाटलीतून दुसरा नमुना घेतला.

10E2, पहिली खेप: ६१.८.

10E2, दुसरी खेप: ६१.५.